मॅकरोनी आणि मोठीं माणसें

अमेरिकेंतील एखाद्या मध्यम प्रतीच्या उपाहारगृहांत कुटुंबासह जाऊन बसलें म्हणजे वाढपी आपल्या हातांत पदार्थांची लांबलचक छापील यादी देतो. बरोबर लहान मूल असेल तर त्याला निराळा कागद मिळतो. त्याच्यावर चित्रें असतात, तीं रंगविण्यासाठीं दोन-चार रंगीत खडू असतात, आणि एका कोपऱ्यांत अवघे पांच-सहा पदार्थ लिहिलेले असतात. त्यांत एक पदार्थ बहुधा हटकून सांपडतो. तो म्हणजे ‘मॅकरोनी अँड चीज’. पुष्कळ ठिकाणीं कागदाच्या तळाशीं बारीक अक्षरांत अशी सूचनाही असते कीं, हे पदार्थ बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठींच आहेत.

आतां समजा, चाळिशी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाला किंवा साठीच्या आजीबाईंना तोच पदार्थ खावासा वाटला, तर त्यांनीं काय करावें? प्रश्न वरवर पाहतां पोरकट आहे. परंतु आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे, लेकी, पुतणे आज त्या देशांत स्थायिक झाले आहेत, आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून येणारीं वडील माणसेंही थोडीं नाहींत. त्यांतून माणूस शाकाहारी असला म्हणजे त्या लांबलचक यादींतल्या त्याच्या वाट्याला येणाऱ्या ओळी बोटांवर मोजण्याइतक्याच! तेव्हां नातवाच्या कागदावरील या पदार्थाकडे त्याची नजर वळते, आणि लगेच संकोच आड येतो. वाढपी काय म्हणेल, शेजारच्या टेबलावरचीं माणसें काय म्हणतील, आणि मुख्य म्हणजे आपला नातूच काय म्हणेल! या संकोचाला खरोखर आधार किती आहे, तें आज पाहावें असें आम्हीं योजिलें आहे.

ज्यांनीं हा पदार्थ पाहिला नाहीं, त्यांना त्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे. मॅकरोनी म्हणजे कठीण जातीच्या गव्हाच्या रव्याची पोकळ नळी. या पदार्थाला बहुधा बोटाच्या पेराएवढी व कोपरासारखी वांकलेली नळी घेतात. विदर्भांतल्या आमच्या भगिनींना यांत फारसें नवल वाटूं नये. काडीभोंवतीं कणकेची दोरी गुंडाळून जे सरगुंडे त्या करतात, ते मॅकरोनीचे चुलतभाऊच होत. या नळ्या मिठाच्या पाण्यांत शिजवून निथळत ठेवतात. दुसऱ्या भांड्यांत लोण्यावर थोडा मैदा परततात, तो तांबूस होण्यापूर्वींच हळूहळू दूध घालून दाटसर करतात, आणि भांडें खालीं उतरवून त्यांत चेडर जातीचें किसलेलें चीज विरघळवितात. मग नळ्या मिसळून, वर पावाचा चुरा पेरून भट्टींत खरपूस भाजतात. तिखटमसाला म्हणावा तर थोडी मोहरीची पूड आणि मिरीं.

कृति सोपी दिसते, परंतु तिच्यांत एक खोंच आहे. चीज म्हणजे दुधांतील केसीन नांवाच्या प्रथिनाचें जाळें, आणि त्या जाळ्यांत अडकलेला स्निग्धांश. आंच जास्त झाली कीं जाळें आकसतें, तूप बाहेर सुटतें, आणि गुळगुळीत सायीसारखें जें व्हावयाचें त्याचे चिवट गोळे होतात. फुटलेली कढी जिनें एकदां तरी पाहिली आहे, त्या गृहिणीला हें दुःख निराळें समजावून सांगावयास नको. कढींत जें काम बेसन करतें, तेंच येथें मैदा करतो. त्यांतही गंमत अशी कीं, चीज जितकें जुनें व चवदार, तितकें तें लवकर फुटतें. म्हणून अनुभवी स्वयंपाकी चवीसाठीं थोडें जुनें आणि मऊपणासाठीं थोडें कोंवळें, असें मिसळून घालतात. सांगावयाचें तें इतकेंच कीं, ज्या पदार्थाला इतकी नजर लागते, तो ‘पोरांचा पदार्थ’ म्हणून बाजूस सारण्याजोगा नाहीं.

आमच्या पंक्तीकडे पाहा. पानांत पहिला वाढला जातो तो साधा वरणभात, वर तुपाची धार आणि बाजूला लिंबाची फोड. तीन वर्षांच्या नातवाच्या पानांत तो असतो आणि ऐंशीच्या आजोबांच्याही पानांत असतो; कोणी कोणाला हसत नाहीं. गुरगुट्या भात तेवढा बाळांचा आणि दुखणाइतांचा समजतात. परंतु श्रावणांतल्या पावसाळी सकाळीं मेतकूट, तूप आणि तोच भात घेऊन घरांतले कर्ते पुरुष चुलीजवळ कसे जाऊन बसतात, तें कोणाला ठाऊक नाहीं? आमच्याकडे साधा पदार्थ वयानें बांधलेला नाहीं. तिकडे तो छापील कागदानें बांधला गेला, आणि तोही फार जुन्या काळीं नव्हे.

इतिहास पाहूं लागलें म्हणजे पहिली गोष्ट ही दिसते कीं, मूळचा हा पदार्थ मोठ्यांचा, आणि तोही श्रीमंतांचा. इंग्लंडच्या राजघराण्यांतील स्वयंपाक्यांनीं इ. स. १३९० च्या सुमारास लिहिलेल्या पाककृतींत उकडलेल्या पिठाच्या पट्ट्या, लोणी आणि चीज यांचे थर देण्याची कृति आहे. १७६९ सालीं एलिझाबेथ रॅफल्ड या बाईंनीं मँचेस्टर येथें जें पाकशास्त्राचें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत मॅकरोनी व पार्मेझन चीज यांची कृति आलेली आहे. सुगरणींनीं लिहिलेलीं पुस्तकें हाच या पदार्थाचा खरा इतिहास होय. तथापि अमेरिकेंत त्याचें श्रेय पुष्कळ दिवस एका राष्ट्राध्यक्षाच्या नांवावर जमा होत आलें.

टॉमस जेफरसन १७८४ मध्यें राजकीय कामगिरीवर पॅरिसला गेला, तेव्हां त्यानें आपल्याबरोबर जेम्स हेमिंग्ज नांवाचा एकोणीस वर्षांचा तरुण नेला. हेमिंग्ज हा त्याचा गुलाम होता. शिवाय तो जेफरसनच्या दिवंगत पत्नीचा सावत्र भाऊही होता. त्या काळच्या व्हर्जिनियांत असलीं नातीं असत, आणि तीं उघड बोललीं जात नसत. फ्रेंच पाककला शिकावी म्हणून त्याला नेलेलें होतें. तो ती नामांकित स्वयंपाक्यांच्या हाताखालीं शिकला, आणि तीन वर्षांत जेफरसनच्या पॅरिसमधील घरचा मुख्य स्वयंपाकी झाला. फ्रान्सच्या भूमीवर त्याला कायद्यानें स्वातंत्र्य मागतां आलें असतें. तें न मागतां तो १७८९ मध्यें मालकाबरोबर परत आला. पुढें १७९३ मध्यें जेफरसननें त्याला लिहून दिलें कीं, तूं आपली विद्या दुसऱ्या कोणास तरी शिकविलीस म्हणजे तुला मोकळें करीन. हेमिंग्जनें ती आपला भाऊ पीटर याला शिकविली, आणि १७९६ च्या फेब्रुवारींत तो स्वतंत्र झाला. जातांना स्वयंपाकघरांतील भांड्यांची यादी त्यानें स्वतःच्या हातानें लिहून ठेवली; ती आजही उपलब्ध आहे. पांचच वर्षांनीं, १८०१ मध्यें, त्याचा अंत झाला. भाऊ मात्र गुलामगिरींतच राहिला होता. आपली विद्या भावाच्या हातीं देऊन स्वतःची सुटका विकत घ्यावयाची, यांत त्या माणसाच्या जिवाला काय वाटलें असेल!

जेफरसनच्या हस्ताक्षरांतलें मॅकरोनीच्या यंत्राचें रेखाचित्र अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयांत जपून ठेवलेलें आहे. परंतु यंत्राचें चित्र काढणें निराळें, आणि निखाऱ्यांपुढें उभें राहून पंक्तीला पुरेसें शिजविणें निराळें! १८०२ च्या फेब्रुवारींत राष्ट्राध्यक्षांच्या घरीं जेवावयास गेलेल्या मॅनासे कट्लर नांवाच्या एका पाद्री गृहस्थानें आपल्या टिपणांत त्या मेजवानीचें वर्णन केलें आहे. पानावर मॅकरोनीचा पदार्थ आला, तेव्हां त्यांना त्या नळ्या कांद्याच्या पातीसारख्या कांहींतरी वाटल्या, आणि चव मुळींच आवडली नाहीं. पुढें हा इटालियन पदार्थ असल्याचें त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या चिटणिसानें समजावून सांगितलें. म्हणजे ज्याला आज मुलांचें खाणें म्हणतात, तें सव्वादोनशें वर्षांपूर्वीं एका विद्वान् प्रौढ गृहस्थाला पचनीं पडलें नव्हतें! त्यानंतर १८२४ सालीं जेफरसनच्या नात्यांतल्याच मेरी रँडॉल्फ या बाईंनीं आपल्या ‘व्हर्जिनिया हाउसवाइफ’ या पुस्तकांत मॅकरोनी, चीज आणि लोणी यांचे थर देऊन भाजण्याची कृति छापली, आणि पदार्थ घरोघर जाऊं लागला.

दक्षिणेकडील संस्थानांत तो जो रुजला, तो प्रामुख्यानें कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हातांनीं. तेथें आजही रविवारच्या व सणाच्या जेवणांत मॅकरोनी नसेल तर पंक्ति अपुरी समजतात, आणि ती कोणी करावयाची हा कुटुंबांतला मानाचा प्रश्न असतो. नव्यानें आलेल्या सुनेनें पहिल्याच वर्षीं ‘मी करतें’ म्हणणें धाडसाचें ठरतें. आमच्या घरांत होळीच्या पुरणपोळीचा अधिकार कोणाकडे असतो, तें ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें लगेच उमगेल. त्या भागांतल्या साध्या खाणावळींत एक मांसाचा पदार्थ व त्याबरोबर तीन भाज्या असें ताट मिळतें, आणि त्या भाज्यांच्या यादींत मॅकरोनी अँड चीज खुशाल लिहिलेलें असतें. वनस्पतिशास्त्राला हें पटणार नाहीं. खाणारांची तक्रार नाहीं.

मग हा पदार्थ मुलांचा केव्हां झाला? दोन गोष्टी घडल्या. पहिली दारूबंदीची. १९२० च्या आरंभीं अमेरिकेंत दारूबंदीचा कायदा अमलांत आला, आणि मोठमोठ्या हॉटेलांचें दारूवरचें उत्पन्न बुडालें. तेव्हां नवे गिऱ्हाईक शोधतां शोधतां त्यांची दृष्टि मुलांकडे गेली. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलानें १९२१ मध्यें मुलांसाठीं निराळी यादी छापली. तिच्यांत काय होतें? उकडलेल्या भातावर कोंबडीचे बारीक तुकडे, लोण्यांत घोळलेल्या भाज्या, असलेंच मिळमिळीत. याचें कारण त्या काळचें बालसंगोपनशास्त्र. डॉक्टर एमेट होल्ट यांचें १८९४ मध्यें निघालेलें प्रश्नोत्तररूप पुस्तक त्या वेळीं आयांच्या हातांत असे, आणि मुलांना चमचमीत कांहीं म्हणून देऊं नये असा त्यांचा कटाक्ष होता. दारूबंदी १९३३ मध्यें उठली. मुलांची यादी मात्र राहिली.

दुसरी गोष्ट क्राफ्ट कंपनीची. न फुटणारें, न नासणारें चीज तयार करण्याच्या कृतीचें पेटंट जेम्स क्राफ्ट यानें १९१६ मध्यें मिळविलें होतें. १९३७ मध्यें, मंदीचे चटके अजून बसत असतांना, त्याच्या कंपनीनें मॅकरोनी आणि चीजची पूड एका पेटींत घालून विकावयास काढली. किंमत एकोणीस सेंट, आणि तेवढ्यांत चौघांचें जेवण, तेंही नऊ मिनिटांत! पुढें युद्ध आलें, मांस व लोणी यांवर नियंत्रण आलें, पुष्कळ स्त्रिया कारखान्यांत कामाला जाऊं लागल्या, आणि शिधापत्रिकेच्या एकाच तिकिटावर या दोन पेट्या मिळत. शाळेंतून आलेल्या मुलांना हातपाय धुऊन होईपर्यंत वाढतां येण्याजोगें दुसरें काय होतें? पिढ्या त्याच्यावर वाढल्या. मग मुलांच्या यादींत तो पदार्थ जाऊन बसला, यांत नवल कसलें? (जातां जातां एक गंमत: त्या पुडींतला पिवळा रंग पूर्वीं कृत्रिम असे. २०१६ पासून त्याच्या जागीं कंपनीनें ज्या वस्तु योजिल्या, त्यांत हळद आहे.)

हें सारें पुस्तकी झालें. प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट सांगतों.

आमचा एक पुतण्या पांच वर्षांचा असतांना आईबापांबरोबर न्यू जर्सीत गेला. आज तो शेहेचाळीस वर्षांचा आहे. आमच्या वहिनी तेथें एका प्रयोगशाळेंत नोकरीस होत्या. घरीं परत येईतों संध्याकाळचे सात वाजत. आठवड्यांतून एक-दोनदां तरी ती निळी पेटी उघडे. परंतु वहिनींचा हात कांहीं नुसत्या पुडीवर थांबणारा नव्हे. त्या वरून मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी देत. घरांत कुळाचार, सोंवळें-ओंवळें सांभाळणाऱ्या आमच्या मातोश्री तिकडे गेल्या असतां त्यांनींही ती मॅकरोनी पानांत घेतली होती, आणि ‘शेवयांचा उपमा बरा झाला आहे’ असें म्हटलें होतें. गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षीं वहिनी वारल्या.

त्यानंतर आम्ही त्याच्याकडे गेलों असतां एके दिवशीं सर्वजण बाहेर जेवावयास गेलों. सूनबाईंनीं आपलें सांगितलें, आम्हीं आमचें सांगितलें. पुतण्यानें यादी मिटवून ठेवली आणि मॅकरोनी अँड चीज सांगितलें. त्याची आठ वर्षांची मुलगी खडू टाकून ओरडली, “बाबा, ते तर माझ्या कागदावरचं आहे!” वाढपी मुलगी हंसली, पण तिचा स्वभाव गोड होता. मुलांच्या यादींतलें मोठ्यांना देतां येत नाहीं, असें तिनें सांगितलें. मात्र भाजीऐवजीं म्हणून एक वाडगा आणून देतां येईल, त्याची किंमत निराळी पडेल. त्यानें दोन वाडगे आणावयास सांगितले.

वाडगे आले. वर खरपूस चुरा होता, कडेला चीजचे बुडबुडे फुटत होते. त्यानें टेबलावरची लाल मिरचीची भरड बाटलींतून बरीचशी पेरली, एक घांस घेतला, आणि आमच्याकडे न पाहतांच म्हणाला, “काका, आईचं याहून तिखट असायचं.” पुढें तो कांहीं बोलला नाहीं. पहिला वाडगा संपवून त्यानें दुसरा ओढला. मुलीनें मध्येंच चमचा घातला, तोंड भाजून घेतलें, आणि आपल्या कागदावरचीच जास्त चांगली असा निकाल दिला. घरीं आल्यावर सूनबाईंनीं आम्हांला हळूच विचारलें, “सासूबाई फोडणींत मोहरी आधीं घालायच्या कीं हिंग?” आम्हांला तें सांगतां आलें, आमच्या घरची रीत ती एकच.

उपाहारगृहाच्या अटीविषयीं मात्र आमचें मत वाढपी मुलीच्या बाजूचें आहे. मुलांच्या यादीची किंमत मुद्दाम कमी ठेवलेली असते. आईबापांनीं यावें व आपलें पुऱ्या किंमतीचें जेवण घ्यावें, असा तो हिशेब आहे. मोठ्या माणसानें तेथें हात घालणें म्हणजे हिशेब बिघडविणें. परंतु हा व्यवहार पैशाचा झाला, वयाचा किंवा अब्रूचा नव्हे. मोठ्यांच्या वाढणीएवढें आणा व मोठ्यांची किंमत घ्या, असें स्वच्छ म्हणावें. पुष्कळ ठिकाणीं आनंदानें देतात. आतां तर हा पदार्थ मोठ्यांच्या यादींतही ठिकठिकाणीं दिसतो. न्यूयॉर्कमध्यें २००६ सालीं केवळ मॅकरोनी अँड चीज विकणारें एक दुकान निघालें. त्याचें लोकप्रिय नांव ‘एस्‌मॅक’. त्यांतला ‘एस्’ म्हणजे सरिता, आणि ही सरिता भारतीय वंशाची, शिक्षणानें इंजिनीयर. तिच्या यादींत आलें, कोथिंबीर आणि जिरें घातलेला एक मसालेदार प्रकारही होता. कॅलिफोर्नियांतील टॉमस केलर या विख्यात स्वयंपाक्याच्या १९९९ च्या पुस्तकांत तर ‘मॅकरोनी अँड चीज’ या नांवाखालीं समुद्रांतला शेवंडा आणि इटालियन मलईचें चीज घातलेली कृति आहे. साध्या नांवाला असा मखमली झगा चढविलेला पाहून आम्हांला हसूं आलें. पण सावधही झालों.

सावध कशासाठीं, तें शाकाहारी वाचकांना सांगितलें पाहिजे. मुलांच्या यादींतली मॅकरोनी बहुधा साधी असते. मोठ्यांच्या यादींत तिचा थाट वाढतो, आणि त्या थाटांत डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे, शेवंडा किंवा कोंबडीच्या हाडांचा रस्सा गुपचूप येऊं शकतो. म्हणून मागवितांना विचारावें: वर काय पेरतां? चीजचा रस कशांत करतां, दुधांत कीं रश्शांत? हे दोन प्रश्न विचारण्यांत कमीपणा नाहीं. तेथील वाढप्यांना रोज त्याहून विचित्र प्रश्न येतात.

तिसरा प्रश्न चीजचाच. दूध विरजण्यासाठीं पूर्वीं वासराच्या जठरांतून काढलेलें रेनेट वापरीत, आणि आमच्यांतील कित्येक जुनीं माणसें विलायती चीजला शिवत नसत तीं त्यामुळेंच. १९९० मध्यें अमेरिकन सरकारनें सूक्ष्म जंतूंकडून बनविलेलें त्याच गुणाचें द्रव्य वापरण्यास परवानगी दिली. त्याचा मूळ सांचा वासराच्या जनुकाचा असला, तरी तें करतांना वासराला हात लावावा लागत नाहीं, आणि आज तेथील बहुतेक चीज याच रीतीनें होतें. अस्सल इटालियन पार्मेझन मात्र तेथील नियमाप्रमाणें वासराच्या रेनेटचेंच असतें; तेव्हां वर पार्मेझन किसून घालूं नका, एवढें सांगावें. जनुकाचा सांचा तरी चालतो कीं नाहीं, असा सूक्ष्म वाद एका स्नेह्यांच्या घरीं आम्हीं दोन तास ऐकला आहे. आजोबांनीं पान बाजूस सारलें, आजींनीं घेतलें. ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावें.

भट्टींतून आलेली मॅकरोनी फार कढत असते, आणि चीजचा चटका लवकर जात नाहीं. पांच मिनिटें थांबावें, तेवढ्यांत रसही नळ्यांत मुरतो. वाढणी तेथें मोठी असते. उरलें तर तें पेटींत बांधून मागावें, दुसऱ्या दिवशीं दोन चमचे दूध शिंपडून मंद आंचेवर झांकून गरम करावें, आणि घरचेंच असल्यामुळें वरून फोडणी द्यावी.